पेवातली हवा

हळदीच्या पेवातून माणूस वर आला की आधी शिंकतो, मग पाणी मागतो आणि मग खाली काय होतं ते सांगतो. मी आयुष्यात एकदाच पेवात उतरलो. वर आल्यावर ना शिंकलो, ना पाणी मागितलं. थेट व्याख्यान सुरू केलं. बाजारातले हमाल, तोलार, हळद निवडणाऱ्या बायका तोंडाचा आ वासून ऐकत होत्या. त्या व्याख्यानातला एकही शब्द शास्त्राला धरून नव्हता, आणि ते शास्त्र जिचं होतं ती बाई दोन हातांच्या अंतरावर शांतपणे उभी राहून माझ्या हातातल्या बाटल्यांकडे बघत होती.

त्या बाई म्हणजे द्वारकाबाई भिडे. मूळच्या वाईच्या. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेल्या, आणि सांगलीला आमच्या कॉलेजात संशोधन करायला आलेल्या. साल अमुक असं सांगत नाही, माझं सालांशी कधीच पटलं नाही. युद्ध चालू होतं, रॉकेल रेशनवर होतं आणि सांगली संस्थानात होती, एवढं पुरे.

मी त्या कॉलेजात लॅब असिस्टंट. हा हुद्दा ऐकून आमच्या आईला वाटायचं की मुलगा शास्त्रज्ञांच्या खालोखाल आहे. खालोखाल होतोच, शास्त्रज्ञ टेबलापाशी आणि मी टेबलाखाली, फुटलेल्या काचा वेचत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ॲसिडची बाटली अशा डौलात उचलली, की नव्या धोतराला पुढून चाळणी पडली आणि मला मागच्या दाराने घरी जावं लागलं. पुढे एकदा चंचुपात्रात चहा उकळला. चहा फक्कड झाला. आदल्या दिवशी त्या पात्रात काय होतं ते मला संध्याकाळपर्यंत आठवत राहिलं, आणि पोटाला दुसऱ्या दिवसापर्यंत.

तर अशा माणसाच्या पदरात कॉलेजने द्वारकाबाईंना टाकलं, की बाईंच्या पदरात मला, ते ज्याने त्याने ठरवावं.

बाई आल्या तेव्हा प्रयोगशाळेत त्यांना जागा कुठे द्यायची यावर मोठा खल झाला. मुलांच्या समोर नको, कारण मुलांचं लक्ष जाईल. प्राध्यापकांच्या खोलीत नको, कारण प्राध्यापकांचं जाईल. शेवटी सामानाच्या कोठीतली जुनी बाकं बाहेर काढून तिथे त्यांना बसवलं. खिडकी एकच, तीही वरच्या अंगाला. तराजूच्या खोलीची किल्ली त्यांना मिळेना; "लागेल तेव्हा दत्तोबाकडून मागा," असा हुकूम. म्हणजे एम.एस्सी. झालेल्या बाईने मॅट्रिक नापास माणसाकडे किल्ली मागायची! मी त्या किल्लीचा महिनाभर काय तोरा मिरवला! ती जानव्याला बांधून हिंडायचो. पुढे एकदा आंघोळीला नदीवर गेलो आणि किल्ली कृष्णामाईला अर्पण झाली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी नव्या दोन करवल्या आणि कपाळावर हात मारून एक बाईंच्या हाती दिली. स्त्रियांच्या प्रगतीला माझा हा पहिला हातभार.

युद्धामुळे काचेचं सामान मिळत नव्हतं. नळ्या येत, पण हवी तशी उपकरणं येत नसत. बाई दिव्यावर नळी तापवून, वाकवून, तोंडाने फुंकून स्वतःच उपकरणं करत. एकदा प्रिन्सिपॉलसाहेब दारात येऊन म्हणाले, "हे काम बायकांना झेपायचं नाही हो, छातीचं काम आहे."

बाई नळी फिरवत म्हणाल्या, "लहानपणापासून चुलीपुढे फुंकणी दिलीच होती की हातात. इथे धूर नाही, एवढीच सोय जास्त."

साहेब गेले. मी हसलो. हसताना हातातली नळी पडली. ती शेवटची लांब नळी होती.

आता हळदीकडे येतो. बाहेरच्यांना पेव माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे हळद गोदामात नाही, जमिनीच्या पोटात ठेवतात. नदीकाठची माती अशी घट्ट, की तिच्यात विहिरीसारखा खड्डा खणला तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. पोट मात्र गाडग्यासारखं सुटलेलं. आत पाला आणि चटया लावून हळद भरायची, वरून चटई, पाला, मातीचा जाड थर. तोंड लिंपलं की झालं. वर्षानुवर्षं हळद तशीच. किडीचं नाव नाही. उघडलं मात्र, की सगळं पेव रिकामं करायचं. अर्धं काढून अर्धं ठेवता येत नाही. आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला, तर माणूस उतरत नाही.

हे सगळं सांगलीत पोराटोरांना ठाऊक. पण हळद का टिकते, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तर व्यापारी म्हणत, "मातीचा गुण." बाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणत, हळद मेलेली नसते. काढल्यावरही ती हळूहळू श्वास घेते, माणसासारखाच. तोंड बंद केलं की आतली चांगली हवा संपते आणि श्वासातून सोडलेला वायू साठतो. तो जड असतो, तळाशी बसतो. कंदील त्यानेच विझतो आणि कीडही त्यानेच गुदमरते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की निवळी दुधासारखी होते ना, तोच वायू.

बाजारात हे पसरलं तेव्हा हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "हळद श्वास घेते म्हंजी आता आमी पोत्यांला पंखा घालायचा काय?" हसला नाही एकच माणूस. भूपालअण्णा. मोठे हळदीचे व्यापारी, बोलायला थोडके. त्यांची दोन पेवं त्या वर्षी किडली होती आणि शेजारची कोरी ठणठणीत राहिली होती. माती एकच. अण्णा बाईंना म्हणाले, "मातीचा गुण असंल तर दोन्ही पेवांला सारखा पायजे का नको? तुमी सांगा बाई, आमी उघडतो."

बाईंचे मार्गदर्शक पुण्याचे प्रोफेसर. नाव घेत नाही, मोठा माणूस. त्यांना हा विषय मनापासून आवडला होता. बाईंनी तो करावा हे मात्र आवडलं नव्हतं. ते स्वतः सांगलीला येऊन दोन दिवस राहिले आणि म्हणाले, "पेवाच्या तळाची हवा मला दाखवा. त्यावर ठरवू."

तळाची हवा आणायची कशी? बाईंनी युक्ती सोपी काढली होती. बाटली पाण्याने काठोकाठ भरायची आणि बूच मारायचं. खाली नेऊन बूच काढायचं, पाणी ओतून टाकायचं. पाणी जसं बाहेर पडेल तशी तिथलीच हवा आत शिरते. मग तिथंच, खालीच, बूच मारायचं. एवढंच. शेंबड्या पोरालाही जमेल.

म्हणून मला पाठवलं.

बाई उतरणार, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पेवाची एक रीत होती, ती पुढे सांगतो. माझा दोर धरायला माझा थोरला भाऊ आला. तो बाजारात तोलार. वहिनीने त्याला बजावून पाठवलं होतं, की जेवण गार व्हायच्या आत या. पेव आदल्या दिवशी उघडून वरचा थर काढलेला. कंदील सोडला, तो खाली जाऊन मिणमिणत राहिला, पण विझला नाही. मी दोर काखेत बांधून उभा. बाईंनी सहा बाटल्यांची झोळी माझ्या गळ्यात घातली. मान वाकली. सहा बाटल्या पाणी म्हणजे वजन बघा!

बाई तोंड वळवून प्रोफेसरांशी बोलत होत्या. मी विचार केला, पाणी खाली नेऊन ओतायचंच आहे, मग इथंच ओतलं तर? खाली हळद भिजायची नाही, मान मोडायची नाही. आणि रिकाम्या बाटलीत हवा काय, आपसूकच जाते. पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं, बाटल्या छान झटकल्या, आत धूळ जाऊ नये म्हणून बुचं लावली. खाली गेल्यावर एकेक बूच काढलं, पेवाचं दर्शन घडवलं आणि पुन्हा लावलं. वरून भाऊ ओरडत होता, "दत्त्या, आटप! आमटी गार व्हायली!"

वर आलो आणि व्याख्यान दिलं. तो भाग सांगून झालाय.

प्रयोगशाळेत बाईंनी सहाही बाटल्यांतली हवा तपासली. निवळी जशीच्या तशी, पिण्याच्या पाण्यासारखी. मोजमाप काढलं. पेवाच्या तळाची हवा आणि आमच्या कॉलेजच्या पटांगणातली हवा यांत तसूभर फरक नाही.

प्रोफेसर दयाळू माणूस. दयाळू माणसं फार वाईट बोलतात. म्हणाले, "कल्पना सुंदर होती, द्वारकाबाई. पण शास्त्रात सुंदर असून भागत नाही. असं करू. पावसाळा लागला की मी परत येतो. तोवर दुसरा पुरावा दाखवता आला तर पाहू. नाहीतर हा विषय माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याला देतो. तो बाजारात हिंडू-फिरू शकेल, पेवात उतरू शकेल. तुम्हांला टेबलाशी बसून करण्याजोगं काहीतरी बघू. तेलं, अत्तरं वगैरे."

बाई म्हणाल्या, "बरं."

ते गेल्यावर त्या बाटल्या धुवायला बसल्या. तेही काम माझंच, पण माझ्या हाती काच द्यायची त्यांची इच्छा त्या दिवशी नसावी. एक बाटली उजेडाला धरली, आत बोट घालून फिरवलं. दुसरी धरली.

"दत्तोबा, या बाटल्या आतून कोरड्या कशा?"

"कोरड्या म्हणजे, स्वच्छच आहेत बाई."

"पाणी ओतून टाकलं तरी आत थेंब राहतात. काचेला धरून बसतात. बूच बंद असलं तर दोन दिवसही वाळत नाहीत. या खडखडीत आहेत. पाणी कुठे ओतलंत?"

मी सांगितलं. झाडाच्या बुंध्याशी. आणि वर, स्वतःच्या हुशारीवर माझा अजून विश्वास असल्यामुळे, म्हणालो, "पण बाई, रिकाम्याच तर नेल्या की खाली."

बाईंनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "रिकामी बाटली रिकामी नसते, दत्तोबा. ती वरच्या हवेने भरलेली असते. तुम्ही पटांगणातली हवा पेवात फिरवून आणलीत."

मला वाटलं, आता प्रिन्सिपॉलकडे तक्रार आणि घरी रवानगी. मी म्हणालो, "प्रोफेसरांना पत्र टाकून कळवू या का? चूक माझी होती म्हणून?"

"कारण कळवून निकाल बदलत नाही. दुसरं पेव उघडलं की बदलेल."

"मग मी उतरतो. या वेळी ती चूक होणार नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "या वेळी दुसरी होईल. मी उतरेन."

आता ती रीत सांगतो. पेव भरणं-उपसणं ज्या लोकांच्या हातात, त्यांचा मुकादम येसबा. हळदीत आयुष्य गेलेला. नखं, तळवे, डोळ्यांचे कोपरेसुद्धा पिवळे. त्याचा नियम असा की पेवात उतरणाऱ्याचा दोर रक्ताच्या माणसाने धरायचा. भाऊ उतरला तर भावाने, मुलगा उतरला तर बापाने. खालून हाक आली नाही तर क्षणाचा विचार न करता ओढणारा माणूस पाहिजे, म्हणून. "मेव्हण्याच्या हातात दोर द्याचा न्हाई," हे येसबा दर वेळी न चुकता सांगायचा आणि दर वेळी सगळे हसायचे, फक्त त्याचा मेव्हणा सोडून.

बाया पेवात उतरत नसत. मनाई कुणी केली होती असं नाही. बाईचा दोर धरणार कोण? माहेर लांब आणि नवऱ्याचं नातं रक्ताचं नाही. तसं होता होता ती रीतच झाली, आणि रीत झाली की तिला देवाचं नाव चिकटतं.

आम्ही अण्णांकडे गेलो. पावसाच्या आत उघडण्याजोगं त्यांचं एकच पेव उरलं होतं. ढग येऊ लागले होते. पाऊस पडला की पेवाचं तोंड उघडता येत नाही, पाणी आत शिरतं. म्हणजे हे एकच, आणि एकदाच. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी उघडतो. पण कुणी उतरायचं ते येसबा ठरवंल. पेवाच्या तोंडावर माझंबी काय चालत न्हाई."

येसबा म्हणाला, "आवं बाई, तुमी उतरा की. माझी काय आडकाठी न्हाई. पर दोर धराया तुमचं मानूस आना. भाऊ हाय न्हवं?"

"आहे. वाईला वकील आहे."

"मंग बोलवा."

"येईल ना. उद्याच येईल. पण दोर धरायला नाही, मला घरी घेऊन जायला."

येसबाने मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "मंग काय इलाज न्हाई, बाई. उद्या तुमचं काय झालं तर मी कुनाला तोंड दावू?"

बाईंनी उघडण्याची वेळ तेवढी विचारून घेतली.

पेव उघडलं त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून होतं. वरचा थर आदल्या दिवशी काढून तोंडावर चटया टाकून ठेवल्या होत्या. पेवापाशी पूजेचं तबक होतं; अण्णांच्या घरून यायचं. हळद-कुंकू, नारळ, निरांजन. येसबाने नारळ फोडला. मी बाटल्यांची झोळी घेऊन उभा, पाण्याने भरलेल्या. बाईंनी प्रत्येक बूच स्वतः लावून वर दोरा गुंडाळला होता, म्हणजे मला ती काढायची बुद्धी झाली तरी वेळ लागावा.

हळद निवडणाऱ्या बायकांची म्होरकी हौसाबाई. ती बाईंना बघून म्हणाली, "ह्ये असलं पातळ नेसून उतरनार? पाय गुतला तर नाकावर पडाल. या हिकडं." आणि बाईंना पोत्यांच्या थप्पीमागे घेऊन गेली. बाहेर आल्या त्या हौसाबाईचं नऊवारी लुगडं कासोटा मारून नेसून, पदर कमरेला खोचून. बायका हसल्या. बाईसुद्धा हसल्या.

येसबा म्हणाला, "बाई, मी सांगितलंय न्हवं..."

"सांगितलंत. रक्ताचं माणूस पाहिजे." बाई तबकापाशी गेल्या. "पण रक्ताचं नसलं तरी भाऊ होता येतं ना? भाऊबीजेला ज्याला ओवाळलं तो भाऊच. का नाही?"

त्यांनी तबक उचललं.

इथे माझा जो गैरसमज झाला तो माणसाने एकदाच करावा असा होता. मी बाईंचा रोजचा माणूस, प्रयोगशाळेतला, शिकलेला. मला वाटलं, बाई मलाच ओवाळणार. टोपी सरळ केली, झोळी खाली ठेवली, दोन पावलं पुढे झालो, मान थोडी वाकवली, कुंकू लावायला सोपं जावं म्हणून. बाई माझ्या अंगावरून तशाच पुढे गेल्या. पदराचा वारा लागला तेवढा. हौसाबाई फिदीफिदी हसली.

बाईंनी येसबाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळलं. येसबा गांगरून गेला. डोक्याला मुंडासं होतं ते सावरलं. "आवं... आवं बाई... मला आदीच सा भनी हायती!"

"मी सातवी."

"आता ओवाळनी काय घालू? खिशात तंबाकू हाय निस्ती."

"दोर धरा, दादा."

मग अण्णा, जे महिन्याकाठी एकदा हसत, ते हसले. म्हणाले, "येसबा, आता न्हाई म्हनलास तर सातव्या भनीची ओवाळनी बुडवलास असं गाव म्हनंल."

येसबाने बाईंच्या काखेत दोर बांधला. गाठ तीनदा ओढून बघितली. मागे दोर धरायला त्याची माणसं पुढे आली तशी हौसाबाई म्हणाली, "व्हा बाजूला. मागं आमी धरतो. भैन आमची बी हाय." आणि चौघीजणी दोराला लागल्या.

कंदील आधी सोडला. हातभर, दोन पुरुष खोल, तीन पुरुष... ज्योत लहान होत होत हळदीच्या थराजवळ निळसर झाली आणि विझली. खाली काळोख. येसबाने दोर आवळला. बाईंनी कंदील वर घेऊन पुन्हा पेटवला आणि कमरेला लटकवला.

"जिथे कंदील विझतो, तिथे बाटली भरायची," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या वरच राहीन. हात तेवढा खाली."

"हाक मारत ऱ्हावा, ताई," येसबा म्हणाला. बाईची ताई केव्हा झाली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

बाई उतरल्या. तोंडाशी मी पालथा पडून बघत होतो. कंदील मिणमिणत होता. त्या दोराला लोंबकळत होत्या, एका हाताने बाटली खाली सोडत, पाणी ओतल्याचा आवाज, बूच दाबल्याचा आवाज. पहिली झाली. दुसरी झाली. हाक येत होती, "हो दादा. हो दादा." तिसरीच्या वेळी हाक आली नाही.

"ताई?"

काही नाही.

"ओढा!" येसबा ओरडला. दोर दोन हात वर आला आणि खालून तारस्वरात आवाज, "सोडा! श्वास धरलाय, बोलू कशी? बाटली अर्धी भरलीय, खाली सोडा!"

येसबाने दोर खाली सोडला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बगितलास? भैन झाली न्हाई तवर बोलायला लागली."

चौथी झाली. पाचवीला त्या आणखी खाली झुकल्या. मी बघत होतो; आणि माझ्या डोळ्यादेखत कंदील गेला. वरून नुसता काळोख दिसत होता. काळोखात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ दुसरा आवाजच येईना. बूच दाबल्याचा तर नाहीच.

"दिवा गेला!" मी ओरडलो. या एका बाबतीत मी चुकलो नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेवा.

येसबाने विचार केला नाही. त्याने आणि त्या चौघींनी दोर असा ओढला की हौसाबाई मागच्या पोत्यावर पडली. बाई पेवाच्या तोंडातून बाहेर आल्या त्या केसांपासून पायांपर्यंत पिवळ्याधमक, डोळे मिटलेले, एक हात छातीशी घट्ट. येसबा त्यांना हलवून म्हणाला, "ताई! ताई, बोला!"

बाईंनी श्वास घेतला. शिंकल्या. एकापाठोपाठ एक अशा शिंकल्या की कडेला बांधलेली बोकडं उधळली. पाणी मागितलं. मग छातीशी धरलेला हात पुढे केला. त्यात बाटली होती आणि अंगठा तिच्या तोंडावर गच्च दाबलेला.

"बूच खाली पडलं," त्या म्हणाल्या. "दुसरं द्या. लवकर."

मी दिलं. माझ्या हातात असूनही ते पडलं नाही.

कॉलेजात पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. बाईंनी भरलेल्या पाचही बाटल्या तपासल्या. पहिल्या बाटलीतली हवा निवळीत सोडली आणि निवळी डोळ्यांसमोर पांढरी झाली, थेट ताकासारखी. मला राहवलं नाही, मी सगळ्या कॉलेजला ऐकू जाईल असा "ओ हो हो!" केला. बाई मोजत होत्या. त्यांनी बोट वर केलं. गप्प बसलो. अंगठ्याखालच्या बाटलीत तो वायू सगळ्यांत जास्त निघाला. पेवातल्या हळदीतले किडे त्यांनी चाळून आणले होते. एकही जिवंत नव्हता. आणि अण्णांच्या किडलेल्या पेवांच्या तोंडावरून काढून टाकलेलं लिंपण नंतर बघितलं तेव्हा त्याला जुन्या भेगा पडलेल्या सापडल्या. तिथून हळदीचा श्वास निसटत होता.

पाऊस चांगला लागल्यावर प्रोफेसर आले. प्रयोगशाळेत उभ्याउभ्याच निकाल बघितले. परत परत बघितले. बाईंना त्यांच्यासमोर पुन्हा निवळी करून दाखवायला लावली. मग चष्मा काढला.

"हे उत्तम आहे," ते म्हणाले. "फार उत्तम. नमुने कुणी घेतले?"

"मी," बाई म्हणाल्या.

"हो, हो, म्हणजे तुमच्या देखरेखीखाली. पण पेवात प्रत्यक्ष कोण उतरलं?"

"मीच उतरले."

प्रोफेसर हसले, लहान मुलीकडे बघून हसावं तसं. आणि बाईंना ओलांडून माझ्याकडे वळले. "काय रे, तू उतरलास ना? खरं सांग. चांगलं काम केलंस. श्रेय घ्यायला लाजायचं नसतं."

आयुष्यात मला इतक्या मोठ्या माणसाने श्रेय कधी देऊ केलं नव्हतं, पुढेही कुणी केलं नाही. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या, पण चिठ्ठी बोटालाच चिकटली होती आणि त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

मी म्हणालो, "उतरलो होतो की साहेब. पहिल्या पेवात. तुम्ही इथं होतात तेव्हा. पाण्याच्या बाटल्या जड लागल्या म्हणून पाणी वरच ओतून टाकलं आणि पटांगणातली हवा खाली फिरवून आणली. तुम्ही तपासलीत ती तीच. म्हणून तर बाईंना दुसऱ्या पेवात स्वतः उतरावं लागलं."

प्रोफेसरांनी बाईंकडे वळून बघितलं, या वेळी नीट, पहिल्यांदाच बघावं तसं. पेवातल्या हळदीचा पिवळेपणा अजून त्यांच्या नखांत होता.

"हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कारणं तपासली असतीत," बाई म्हणाल्या. "मला हवा तपासून हवी होती."

प्रोफेसर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "विषय तुमचाच आहे. लिहायला घ्या. आणि ज्यांनी दोर धरला त्यांची नावं त्यात घाला." मग माझ्याकडे बोट दाखवून, "पण पुढच्या कामासाठी हा माणूस बदला. मी प्रिन्सिपॉलांना सांगतो. दुसरा कुणीतरी चांगला बघू."

बाईंनी बोटाला चिकटलेली चिठ्ठी काढून बाटलीवर लावली.

"नको," त्या म्हणाल्या. "नवा माणूस आला की त्याच्या चुका शोधण्यात माझं एक वर्ष जाईल. यांच्या सगळ्या मला पाठ आहेत."

त्या प्रबंधात येसबाचं नाव छापलं गेलं, हौसाबाई आणि तिच्या तिघी मैत्रिणींचीही. माझंही आहे, अगदी शेवटी, आणि कशाबद्दल आभार मानले आहेत ते बाईंनी मोठ्या मनाने मोघम ठेवलं आहे. दर भाऊबीजेला त्या येसबाच्या घरी जात. खंत एकच वाटते. बाईंनंतर आमच्या त्या प्रयोगशाळेत दुसरी बाई यायला फार वर्षं लागली; पेवाचं तोंड एकदा उघडलं तरी कॉलेजची तोंडं पटकन उघडत नाहीत.

मी मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांच्याच हाताखाली होतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट अभिमानाने सांगतो: बाई प्रोफेसरांना म्हणाल्या होत्या त्यात तथ्य नव्हतं. माझ्या चुका त्यांना कधीच पाठ झाल्या नाहीत. दर वर्षी मी नव्या पुरवल्या.